बंद खोलीतलं आकाश : लढाऊ वैमानिकांच्या सांघिक सरावाचा आढावा

सिम्युलेटरवर एकटा वैमानिक उत्तम तयार होतो, याबद्दल आता कुणी वाद घालत नाही. विमान सुरू करणं, ढगातून उतरणं, इंजिन बंद पडलं तर काय करायचं, हे सगळं जमिनीवरच्या बंद खोलीत शिकवता येतं आणि शिकवलं जातं. अडतं ते पुढे. लढाईला एकटा वैमानिक जातच नाही. चार विमानांचा गट जातो. त्याच्या मागे टेहळणीचं विमान असतं, आणखी मागे हवेत इंधन पाजणारं असतं. जमिनीवर रडारच्या पडद्यासमोर कंट्रोलर बसलेला असतो, आणि क्षेपणास्त्राच्या बटणाजवळ आपलाच एक माणूस असतो. या सगळ्यांना एकत्र, एकाच वेळी, एकमेकांच्या चुकांसकट कसं शिकवायचं, हा जगभरच्या हवाई दलांपुढचा गेल्या चाळीस वर्षांतला मोठा प्रश्न आहे. आपल्याकडे तो बीदरपासून सुरू होतो.

बीदर म्हटलं की आपल्याला बहमनी किल्ला, महमूद गवानचा मदरसा आणि बिदरी काम आठवतं. भालकी, औराद, बसवकल्याणकडच्या माणसांना मात्र आणखी एक गोष्ट लहानपणापासून माहीत असते, ती म्हणजे डोक्यावरून जाणारं विमान. शहराला लागून असलेला हवाई दलाचा तळ १९६३ पासून प्रशिक्षणाचं काम करतो आहे. धावपट्टी त्याहून जुनी, निजामाच्या राजवटीतली. १९४८ च्या पोलीस कारवाईत आपल्या हवाई दलानं ज्या धावपट्ट्यांवर मारा केला, त्यांत बीदरची होती. सूर्यकिरण हा कसरती करणारा संघ १९९६ मध्ये इथंच जन्मला. २०२० पासून याच धावपट्टीवरून नागरी विमानंही ये-जा करू लागली, पण तळाची खरी ओळख आजही हॉक या प्रशिक्षण विमानाची आहे. लढाऊ विमानाचा वैमानिक होऊ पाहणारा तरुण हैदराबादजवळच्या डुंडिगलच्या अकादमीतून पायऱ्या चढत वर येतो. शेवटच्या पायरीवर त्याला जी ठिकाणं भेटतात त्यांत बीदर मुख्य. अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिकांनी २०१६ मध्ये कमिशन मिळाल्यावर हॉकचे धडे इथंच घेतले.

हे हॉक इथवर यायला किती वर्षं लागली, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एअर मार्शल ला फोंतेन यांच्या समितीनं १९८२ मध्येच सांगितलं होतं की, साध्या प्रशिक्षण विमानावरून उठवून पोराला थेट मिग-२१ मध्ये बसवणं धोक्याचं आहे, मधली पायरी हवी. ती पायरी विकत घेण्याचा करार झाला २००४ मध्ये. मधल्या बावीस वर्षांत जे तरुण गेले, त्यांतला एक पुण्याचा होता. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचा १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री सुरतगडजवळ मिग-२१ च्या अपघातात मृत्यू झाला. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी त्यानंतर प्रशिक्षणाच्या आणि विमानांच्या सुरक्षिततेच्या प्रश्नावर दिलेला लढा महाराष्ट्रानं पाहिलेला आहे. त्या काळात मिग-२१ ला ‘उडती शवपेटी’ म्हणण्याची चाल पडली. मला ते नाव कधीच पटलं नाही. दोष एकट्या विमानाचा नव्हता, त्यात बसणाऱ्याला तिथवर नेणारी वाटच तुटलेली होती.

२३ फेब्रुवारी २००८ रोजी संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या उपस्थितीत हॉक बीदरला दाखल झालं. पहिल्या करारातल्या ६६ विमानांपैकी २४ ब्रिटनमध्ये तयार झालेली आणि ४२ बेंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं बांधलेली. २०१० मध्ये आणखी ५७ मागवली गेली, त्यांतली १७ नौदलासाठी. विमानं येईपर्यंत आपले तरुण वैमानिक वेल्समधल्या आरएएफ व्हॅली या तळावर जाऊन हॉक शिकत होते. विमानांबरोबर बीदरला सिम्युलेटरही आले, आणि शिकण्याची पद्धतच बदलली. उद्या हवेत जे करायचं ते आज खोलीत करून पाहायचं. हवेत चुकलं तर परत येऊन तीच चूक पुन्हा खोलीत लावून घ्यायची.

पण या खोलीत शिकणारा एकटा असतो. फार तर दोघं: समोर शिकाऊ, आणि मागच्या सीटवर किंवा बाहेरच्या पडद्यापाशी इन्स्ट्रक्टर. हॉकवरचं पुढचं शिक्षण जोडीनं उडण्याचं आहे. लीडर आणि विंगमन, मग चारांचा गट, मग कुणी शत्रू बनतो आणि बाकीचे त्याला शोधतात. हे बहुतांश खऱ्या आकाशातच शिकलं जातं. सूर्यकिरणच्या नऊ विमानांची रचना तर कोणत्याही यंत्रात शिकता येणार नाही. दोन विमानांपासून सुरुवात करून महिनोन्‌महिने एकेक विमान वाढवत जावं लागतं, आणि तरीही २१ जानेवारी २००९ ला बीदरजवळ आणि १९ फेब्रुवारी २०१९ ला येलहंकात या संघानं आपले वैमानिक गमावले. पंखाला पंख लावून उडणं हे हाताचं आणि डोळ्याचं काम आहे. त्याला खरी हवाच लागते.

मग खोलीतल्या सांघिक सरावाचा उपयोग कुठे? जिथं एकमेकांना डोळ्यांनी पाहताच येत नाही, तिथं. आजची हवाई लढाई बहुतेक वेळा तशीच असते. शत्रू शंभर किलोमीटरवर असतो, आपला साथीदार वीस किलोमीटरवर. दोघांना जोडतो तो आवाज, डेटा लिंक आणि पडद्यावरचे ठिपके. इथं हात चुकत नाही, चुकतं ते समजणं. आपल्या माणसानं कोणता ठिपका कुणाचा मानला, कुणी कुणाला काय सांगितलं, कोण सांगायचं विसरलं, यावर जीव जातात.

याचं सर्वांत कडू उदाहरण नाशिकच्या दारात येऊन थांबतं. २७ फेब्रुवारी २०१९, बालाकोटच्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. पाकिस्तानी विमानं सीमेवर आली होती, आकाशात गोंधळ होता. त्याच वेळी श्रीनगरहून उडालेलं हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर बडगामजवळ कोसळलं. ते आपल्याच हवाई संरक्षणाच्या क्षेपणास्त्रानं पाडलं होतं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. हेलिकॉप्टरचे वैमानिक स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे नाशिकचे. ऑक्टोबरमध्ये नवे हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक होती, असं जाहीरपणे मान्य केलं. चौकशीतून जे बाहेर आलं त्याचा गाभा हाच की, हेलिकॉप्टर आणि जमिनीवरचे लोक यांच्यातला संपर्क आणि समन्वय तुटला होता, शत्रू-मित्र ओळखण्याच्या यंत्रणेचाही प्रश्न होता. इथं कुणाला विमान उडवता येत नव्हतं असं नाही. क्षेपणास्त्र डागणाऱ्यालाही त्याचं काम येतच होतं. प्रत्येक जण आपापल्या जागी तयार होता. सगळ्यांनी मिळून अशी एक गोंधळाची सकाळ कधी अनुभवलेली नव्हती.

अशी सकाळ खऱ्या आकाशात सरावासाठी उभी करता येत नाही. शत्रूची दोन डझन विमानं, आपली तेवढीच, मधूनच उडालेलं एक निष्पाप हेलिकॉप्टर, बिघडलेला रेडिओ आणि जिवंत क्षेपणास्त्रं, हे सगळं एकत्र आणायचं तर खर्च सोडाच, धोकाच परवडणार नाही. खोलीत ते दर आठवड्याला करता येतं.

कल्पना जुनी आहे. १९२९ मध्ये अमेरिकेत एडविन लिंक यांनी पहिला उपयोगी उड्डाण-सिम्युलेटर बनवला. त्यांच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. लिंकच्या यंत्राला हलवणारे भाते ऑर्गनच्या कारखान्यातलेच होते, आपल्या पेटीच्या भात्यासारखे हवेवर चालणारे. सुरुवातीला त्याला जत्रेतलं खेळणं समजण्यात आलं. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर अचानक टपाल वाहण्याची जबाबदारी पडली. ढगात आणि रात्री उडण्याची सवय नसल्यामुळे काही आठवड्यांत डझनभर वैमानिक गेले. तेव्हा लष्करानं लिंकची सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक या निळ्या डब्यात शिकले. पण डबा एकट्याचाच राहिला.

यंत्रं एकमेकांना जोडण्याचा विचार अमेरिकी हवाई दलातले जॅक थॉर्प यांनी सत्तरच्या दशकाअखेर मांडला. १९८३ मध्ये त्यांच्या पुढाकारानं डार्पा या संशोधन संस्थेनं सिमनेट नावाचा प्रकल्प सुरू केला. गंमत अशी की, हवाई दलाच्या माणसाची कल्पना आधी रणगाड्यांवर रुजली. केंटकीतल्या फोर्ट नॉक्समध्ये रणगाड्यांचे साधे डबे एकमेकांना जोडले गेले, आणि नंतर फोर्ट रकरला हेलिकॉप्टरांचे. त्या काळच्या तुटपुंज्या जाळ्यावर शेकडो वाहनांची जागा दर क्षणी सगळ्यांना कळवणं अशक्य होतं. त्यावर काढलेली युक्ती आजही वापरात आहे. प्रत्येक डब्यातला संगणक बाकी सगळ्यांच्या हालचालीचा अंदाज स्वतःच बांधत राहतो: अमुक विमान याच वेगानं, याच दिशेनं जात असणार. ते विमान खरोखर वळलं आणि अंदाजापासून ठरावीक अंतरापेक्षा जास्त दूर गेलं, तरच ते सगळ्यांना नवी जागा कळवतं. जाळ्यावरचं ओझं एकदम हलकं होतं.

सिमनेटचा दुसरा धडा मला जास्त मोलाचा वाटतो. थॉर्प यांच्या लोकांनी डबे जाणूनबुजून साधे ठेवले. जे बटण एकत्र लढायला लागत नाही, ते नुसतं चित्र काढून ठेवलं. मग वाचलेल्या पैशातून एकाऐवजी अनेक डबे केले. एकट्याला शिकवायचं तर कॉकपिट हुबेहूब हवं. संघाला शिकवायचं तर संघातले सगळे हजर हवेत, कॉकपिट थोडं साधं असलं तरी चालतं. हा हिशेब आपल्याकडच्या खरेदीत क्वचितच दिसतो. आपण एक महागडा, घुमटाखालचा, सगळी बटणं असलेला सिम्युलेटर घेतो आणि तो एकटा बसून राहतो.

सिमनेटनं आणखी एक वापर दाखवला. २६ फेब्रुवारी १९९१ रोजी इराकच्या वाळवंटात अमेरिकी रणगाड्यांची एक चकमक झाली. ती संपल्यावर भाग घेतलेल्यांच्या मुलाखती घेऊन आणि नोंदी तपासून ती पडद्यावर जशीच्या तशी उभी केली गेली. आता कुणीही त्या चकमकीत शिरून, वेगळा निर्णय घेऊन पाहू शकत होतं. त्यानंतरच्या दशकांत अमेरिकी हवाई दलानं वेगवेगळ्या तळांवरचे सिम्युलेटर दूरवरून जोडून सराव सुरू केले. न्यू मेक्सिकोतल्या कर्टलँड तळावरून चालणारा व्हर्च्युअल फ्लॅग हा त्यांतला मोठा. त्याचं नाव आलं ते नेव्हाडातल्या रेड फ्लॅगवरून. व्हिएतनाम युद्धात असं दिसलं होतं की, पहिल्या दहा मोहिमा तरलेला वैमानिक पुढे बहुधा तरतो. त्या पहिल्या दहा मोहिमा घरीच घडवाव्यात म्हणून १९७५ मध्ये रेड फ्लॅग सुरू झाला. ब्रिटनमध्ये आरएएफ बेन्सनला शिनूक, मर्लिन आणि प्युमा हेलिकॉप्टरांचे सहा सिम्युलेटर एका छताखाली जोडले गेले. चालक दल तिथं एकत्र मोहिमेवर जाऊन येऊ लागलं. नाटोतल्या काही देशांनी २००४ मध्ये आपापल्या घरी बसून एकाच लढाईचा सराव करून पाहिला. तंत्रज्ञान सिद्ध झाल्याला वीस वर्षं उलटून गेली.

रेड फ्लॅगला आपणही गेलो होतो. २००८ मध्ये आपली सुखोई-३० नेव्हाडाच्या आकाशात उडाली. त्यानंतर एका अमेरिकी अधिकाऱ्याचं व्याख्यान इंटरनेटवर फिरलं. त्यात आपल्या वैमानिकांच्या उड्डाणाचं कौतुक होतं, आणि सरावात आपलेच साथीदार चुकून ‘पाडल्या’बद्दल टोमणाही. आपल्या बाजूचं उत्तर असं होतं की, आपली डेटा लिंक त्यांच्या जाळ्याला जोडलेली नव्हती, त्यामुळे बाकी सगळ्यांना दिसणारं चित्र आपल्याला दिसत नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या मानल्या तरी निष्कर्ष एकच निघतो. उत्तम वैमानिक, उत्तम विमान, आणि जोडणी नाही.

आपल्या देशात सिम्युलेटर कमी नाहीत. बेंगळुरूला हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि कॅनडाची सीएई यांनी मिळून काढलेली हॅट्सऑफ ही हेलिकॉप्टर प्रशिक्षणाची संस्था आहे. तिथं एकाच यंत्रात वेगवेगळ्या हेलिकॉप्टरांची कॉकपिट बदलून बसवता येतात. नाशिकला सैन्याच्या हवाई तुकड्यांची प्रशिक्षण शाळा आहे. सी-१७ या अवजड विमानाचं सिम्युलेटर केंद्र गुरुग्रामला आहे. राफेलबरोबर अंबाल्याला सिम्युलेटर आले. डुंडिगलला पिलॅटस विमानांबरोबर आले. संरक्षण मंत्रालयानं सप्टेंबर २०२१ मध्ये तिन्ही दलांनी सिम्युलेटरचा वापर वाढवावा म्हणून एक आराखडाही जाहीर केला. त्यात देशी बनावटीवर भर आहे आणि सगळ्या क्षेत्रांतलं प्रशिक्षण सिम्युलेटरकडे वळवण्याचा इरादा स्पष्ट लिहिलेला आहे.

तरीही एक गाठ सुटत नाही. आपलं हवाई दल म्हणजे रशियन सुखोई, फ्रेंच राफेल आणि मिराज, ब्रिटिश-फ्रेंच मुळाचे जग्वार, ब्रिटिश हॉक, अमेरिकी वाहतूक विमानं आणि हेलिकॉप्टर, आणि आपलं तेजस. प्रत्येक विमानाबरोबर त्याच्या कंपनीनं आपला सिम्युलेटर दिला, आणि आतलं सॉफ्टवेअर कुलूपबंद ठेवलं. सिम्युलेटरांनी एकमेकांशी बोलावं म्हणून १९९३ पासून आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. पण मानक असणं वेगळं आणि कंपनीनं करारात ते दार उघडं ठेवणं वेगळं. खरेदीच्या वेळी ज्या अटीवर फारसा पैसा लागत नाही, तीच नंतर घालायची म्हटली की कंपनी वाटेल तो भाव सांगते. मी ही तांत्रिक अडचण मानत नाही. ही खरेदीच्या टेबलावरची अडचण आहे.

तांत्रिक अडचणी मात्र खऱ्या आहेत, आणि त्या समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली, उशीर. दोन विमानं जवळून एकमेकांशी झुंजत असतील तर एकाची हालचाल दुसऱ्याच्या पडद्यावर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत दिसायला हवी, असं मानक सांगतं. बीदर ते ग्वाल्हेर एवढ्या अंतरावर, गुप्त जाळ्यावरून, संकेत उलगडत हे साधणं सोपं नाही. दूर अंतरावरच्या लढाईत थोडा उशीर चालतो. जवळच्या झटापटीत चालत नाही, म्हणून ती झटापट खऱ्या आकाशासाठीच ठेवावी. दुसरी अडचण न्यायाची. दोन कंपन्यांच्या सिम्युलेटरांत डोंगरांचे नकाशे वेगळे असतात. एका वैमानिकाच्या खिडकीत तो टेकडीआड लपलेला असतो, आणि दुसऱ्याच्या खिडकीत टेकडीच नसते. एक मारला जातो आणि का मारला गेला हे त्याला कळत नाही. अशा सरावातून चुकीचा धडा पक्का बसतो, आणि तो न शिकण्यापेक्षा वाईट. तिसरी, गुप्तता. राफेलच्या यंत्रणा काय करू शकतात हे सुखोईच्या शेजारी बसलेल्या यंत्राला किती सांगायचं, हे फ्रान्स, रशिया आणि आपण, तिघांनाही ठरवावं लागतं.

गुप्ततेची दुसरी बाजूही आहे, आणि ती सिम्युलेटरच्या बाजूनं पडते. खऱ्या सरावात इलेक्ट्रॉनिक युद्धाच्या युक्त्या वापरल्या की शेजारी कान लावून बसलेलाच असतो. मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरमध्ये तिन्ही दलांची हवाई संरक्षण यंत्रणा एकत्र जोडून वापरली गेली. ही यंत्रणा पुढच्या वेळी कशी वापरायची याचा पूर्ण ताकदीचा सराव उघड्या आकाशात कोण करणार? तो भिंतींच्या आतच व्हायला हवा.

जुने वैमानिक यावर मान हलवतात, आणि त्यांचं ऐकायला हवं. ते म्हणतात, सिम्युलेटरमध्ये कुणी मरत नाही. शरीरावर वजनाच्या सहापट-सातपट भार येतो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येते, मान वळत नाही, श्वास रोखून धरावा लागतो, आणि त्याच अवस्थेत निर्णय घ्यायचा असतो. खोलीत हे काहीच नसतं. उलट डोळ्यांना हालचाल दिसते आणि शरीराला जाणवत नाही, म्हणून काहींना मळमळतं. भीती नसल्यामुळे माणूस खेळासारखा धाडसी होतो, हरलं तर पुन्हा सुरू. ही सवय हवेत घेऊन गेला तर तो स्वतःला आणि इतरांना घेऊन जाईल. आणखी एक भीती त्यांना आहे, जी मला सर्वांत रास्त वाटते. सिम्युलेटर आले की हिशेबनीस इंधन कापतात, खरे उड्डाणतास कमी होतात, आणि कागदावर प्रशिक्षण मात्र पूर्ण दिसतं. हे होऊ द्यायचं नसेल तर सिम्युलेटरचे तास उड्डाणतासांच्या जागी नव्हे, त्यांच्या वर मोजले गेले पाहिजेत.

पण या आक्षेपांचा रोख बहुतेक एकट्याच्या उड्डाणावर आहे. संघाच्या बाबतीत चित्र वेगळं आहे. २८ जानेवारी २०२३ ला ग्वाल्हेरहून उडालेली एक सुखोई-३० आणि एक मिराज-२००० मध्य प्रदेशात मुरैनाजवळ सरावादरम्यान कोसळली. सुखोईचे दोघे बचावले, मिराजचे विंग कमांडर हणमंतराव सारथी गेले. ते बेळगावचे. सिम्युलेटर असता तर हा अपघात टळला असता, असं म्हणणं बेजबाबदारपणाचं होईल. एवढं मात्र म्हणता येतं की, अनेक प्रकारची विमानं एकत्र आणणारा सराव हाच सर्वांत धोक्याचा असतो. हवेत पहिल्यांदा एकत्र येण्याआधी त्या माणसांनी एकमेकांबरोबर खोलीत दहा वेळा उडून घेतलेलं असावं, ही अपेक्षा जास्त नाही.

या सरावाचा खरा फायदा उडण्यात नसतोच, तो नंतरच्या डीब्रीफिंगमध्ये असतो. खऱ्या सरावातून परतलेले वैमानिक आठवणींवर भांडतात: मी तुला सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस. खोलीतल्या सरावाची सगळी नोंद असते. कोणत्या क्षणी कुणाच्या पडद्यावर काय होतं, कोण काय बोललं, कुणी उत्तर दिलं नाही, हे थांबवून, मागे नेऊन दाखवता येतं. वरिष्ठाची चूकही लपत नाही. आपल्या सैन्यातल्या हुद्द्यांच्या उतरंडीत ही गोष्ट अवघड जाते. पण विमान कोसळल्यावर चौकशी समितीसमोर मान्य करण्यापेक्षा खोलीत मान्य करणं स्वस्त.

नागरी विमान वाहतूक हा धडा रक्त सांडून शिकली. १९७७ मध्ये टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो जेट आदळून ५८३ माणसं गेली. त्यानंतर चालक दलानं एकमेकांशी कसं बोलावं, कनिष्ठानं वरिष्ठाला कसं अडवावं, हे सिम्युलेटरमध्ये शिकवण्याची पद्धत सुरू झाली. तरी ७ ऑगस्ट २०२० च्या कोळिकोड अपघाताच्या अहवालात कॉकपिटमधला वरिष्ठ-कनिष्ठ दुरावा हे एक कारण म्हणून आलंच. कलबुर्गीच्या विमानतळावर आता नागरी वैमानिकांच्या प्रशिक्षण संस्था आल्या आहेत. आळंद, अफजलपूरकडची पोरं तिथं शिकायला जातील तेव्हा त्यांच्या पालकांनी फी विचारण्याआधी एक गोष्ट विचारावी: इथं एकट्यानं उडवायला शिकवतात, की दोघांनी मिळून?

पुढची वाट खऱ्या आणि कृत्रिम आकाशाची सरमिसळ करण्याची आहे. हॉकला रडार नाही. पण ब्रिटनच्या नव्या हॉकमध्ये शिकाऊ वैमानिकाला पडद्यावर रडारचं कृत्रिम चित्र दाखवलं जातं, आणि हवेत नसलेला शत्रू त्याच्या अंगावर सोडता येतो. इटलीनं सार्डिनियातल्या डेचिमोमान्नूच्या आंतरराष्ट्रीय शाळेत याहून पुढे मजल मारली आहे. तिथं एक वैमानिक हवेत असतो, दुसरा जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये, आणि दोघं एकाच लढाईत. स्वस्त विमानावर महागड्या विमानाची लढाई शिकवायची ही पद्धत आपल्यासारख्या देशाला सर्वांत सोयीची. बीदरच्या आकाशाला तर ती जास्तच हवी. दूर अंतरावरच्या लढाईचा खरा सराव करायचा तर शेकडो किलोमीटरचं मोकळं आकाश लागतं, आणि इथून रस्त्यानं दीडशे किलोमीटरच्या आत हैदराबादची नागरी वर्दळ आहे.

इन्स्ट्रक्टरांची वाण आपल्याकडे नाही. वीस वर्षांपूर्वी आपले वैमानिक हॉक शिकायला ब्रिटनला जात होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान मुंबईला आले तेव्हा भारतीय हवाई दलाचे उड्डाण प्रशिक्षक ब्रिटिश हवाई दलाच्या प्रशिक्षणात सामील होतील, असं दोन्ही देशांनी जाहीर केलं. चांगल्या बदलाची दुसरी खूण हैदराबादला दिसते. बीदरच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातले एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी यांनी २०२२ मध्ये शस्त्रप्रणाली चालवणाऱ्या अधिकाऱ्यांची स्वतंत्र शाखा जाहीर केली. जुलै २०२४ मध्ये बेगमपेटला तिची शाळा उघडली. विमानातला मागच्या सीटवरचा माणूस, क्षेपणास्त्र दलाचा माणूस आणि मानवरहित विमान चालवणारा, हे सगळे आता एका शाखेत आहेत. बडगामच्या सकाळी जे एकमेकांना ओळखत नव्हते, त्यांना तरुणपणीच एका बाकावर बसवण्याची ही सुरुवात आहे. मात्र बाकावरून उठल्यावर बीदरच्या वैमानिकांबरोबर त्यांचा सराव झाला नाही, तर नुसती शाळा पुरणार नाही. बीदर आणि बेगमपेट एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर आहेत.

म्हणून मागणी दोनच गोष्टींची करावी. एक, यापुढे घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक विमानाच्या, मग ते परदेशी असो की हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं, सिम्युलेटर करारात इतरांशी जोडता येण्याची अट पहिल्या दिवसापासून असावी, आणि ती नसेल तर लेखापरीक्षकांनी ती चूक म्हणून नोंदवावी. दोन, बीदरला महागड्या कॉकपिटची वाट न पाहता आठ-दहा साधे, एकमेकांना जोडलेले डबे बसवावेत, आणि त्यांतले दोन-तीन रडार कंट्रोलर व क्षेपणास्त्र चालवणाऱ्यांसाठी राखून ठेवावेत. हे तंत्र आपल्या देशात बनू शकतं आणि त्याचा खर्च एका लढाऊ विमानाच्या किमतीपुढे किरकोळ आहे. ते अजून झालेलं नाही, यात अडचण पैशाची नाही. विमान हे प्रत्येक स्क्वाड्रनचं असतं, सांघिक सराव कुणाच्याच नावावर नसतो. तो कुणाच्या तरी नावावर करणं, हा निर्णय संरक्षण मंत्रालयानं आता घ्यायला हवा.